मागे राहिलेलीची पेन्शन

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जिल्ह्यातल्या एका कोषागारात मी पेन्शनच्या टेबलावर होतो. नवीन पेन्शन सुरू होताना माणसाला एकदा समक्ष यावे लागते. फोटो ताडून पाहायचा, उंची पाहायची, अंगावरच्या ओळखीच्या खुणा कागदावर लिहिल्या आहेत तशाच आहेत का ते पाहायचे, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि मग पहिले बिल काढायचे. त्या दिवशी साठीच्या पुढची एक आजी आली होती. मालक शाळेत शिपाई होते, चार महिन्यांपूर्वी वारले होते. ‘डाव्या भुवईवर तीळ’ असे मी वाचले, तिने पदर मागे सारून तो दाखवला, अंगठा दिला. जाता जाता थांबून तिने विचारले, “सायेब, हे पैसं त्यांचं हायत का माजं?”

मी तेव्हा तिला जे उत्तर दिले ते शेवटी सांगतो. पण हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. कारण नवरा गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला सरकारकडून मिळणारा पैसा नेमका कोणाचा, हाच तर या सगळ्या नियमांमागचा इतिहास आहे. तो पैसा आधी राजाची मेहेरबानी होता, मग नवऱ्याच्या नोकरीचे फळ मानला गेला आणि फार उशिरा तो बाईचा स्वतःचा हक्क झाला. आपल्या जिल्ह्याने या तिन्ही अवस्था पाहिल्या आहेत.

मराठ्यांच्या राज्यात ‘बालपरवेशी’ हा शब्द होता. लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या बायकामुलांच्या पोटापाण्यासाठी दिलेली नेमणूक म्हणजे बालपरवेशी. निजामाच्या राज्यात मनसब होत्या, इनामे होती, दरमहा रोख मिळणाऱ्या नेमणुका होत्या. या सगळ्यांचे मूळ एकच : देणाऱ्याची मर्जी. मर्जी होती तोवर नेमणूक. ती फिरली की दरबारात अर्ज, नजराणे आणि खेटे.

फौजेच्या पगारापायी आपला जिल्हाच एकदा दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता, हे फार जणांना ठाऊक नसते. निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज ठेवलेली होती. तिच्या खर्चाची बाकी तुंबत गेली. १८५३ साली लॉर्ड डलहौसीच्या काळात तह झाला आणि त्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. कॅप्टन मेडोज टेलर हे कारभारी म्हणून नळदुर्गच्या किल्ल्यात येऊन राहिले ते त्यामुळेच. १८६० साली हा मुलूख निजामाला परत मिळाला. म्हणजे सात वर्षे इथल्या शेतकऱ्याचा सारा पलटणीच्या पगाराला जात होता. शिपायाचा पगार राज्याला चुकवता येत नाही, हे इथल्या मातीने तेव्हाच पाहिले. शिपायाच्या विधवेचे देणे मात्र कोणत्या तहात लिहिलेले नव्हते.

शेजारच्या सोलापुरात इंग्रजी अंमल होता. तिथे १८७१ चा पेन्शन कायदा लागू झाला. त्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. पेन्शनीवर सावकाराची जप्ती येणार नाही, असे ठरवले. ही चांगली गोष्ट. दुसरी अशी की, सरकारने दिलेल्या पेन्शनीबद्दल दिवाणी कोर्टात सरळ दावा लावता येणार नाही, असेही ठरवले. म्हणजे सरकार दाता आणि पेन्शनर याचक. आणि सर्वसाधारण नियम असा की पेन्शन ज्याची, त्याच्याबरोबर ती संपायची. त्याच्या मागे घरात कोण आहे, हे विचारण्याचे कारण नव्हते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, घरात शिकलो. माझ्या आत्याचे यजमान निजामाच्या राजवटीत तहसील कचेरीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी ते निवृत्त झाले. १९६२ साली ते वारले आणि त्या महिन्यापासून पेन्शन बंद झाली. आत्या आमच्याकडे राहायला आली ती कायमचीच. आमच्या वडिलांनी तिला कधी उणे पडू दिले नाही. पण भावाच्या घरात राहणाऱ्या बहिणीला चहात साखर जास्त घालतानाही हात आखडावा लागतो, हे मी लहानपणी पाहिले. भाजी निवडायला ती सगळ्यांच्या आधी बसायची आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी.

तिच्या ट्रंकेत एक कागद होता. उर्दूत लिहिलेला, शिक्का मारलेला. तिला उर्दू येत नव्हते, पण हा पेन्शनीचा कागद आहे एवढे माहीत होते. मी कोषागारात लागल्यावर तो कागद एका जुन्या निवृत्त पटवाऱ्याकडे नेला. आपल्याकडच्या त्या पिढीला उर्दूही येई आणि मोडीही. त्यांनी वाचून दाखवले : नाव, हुद्दा, नोकरीची मुदत, दरमहाची रक्कम, तारीख फसली सनाची, आणि पुढे दोन शब्द, ‘ता हयात’. आपण मराठीत तहयात म्हणतो तेच. जिवंत असेपर्यंत. मी आत्याला सांगितले. ती म्हणाली, “मग मी हाय की जित्ती.” तिला समजावून सांगावे लागले की हयात त्यांची, तुझी नव्हे.

त्या कागदपत्रांचा एक वेगळाच त्रास होता, तोही सांगायला हवा. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा उर्दू आणि सन फसली. आजूर, दय, बहमन असे महिने. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणार. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इंग्रजी साल येते. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात सामील झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावचे प्राथमिक शिक्षक त्यांच्याकडे गेले. एकाच माणसाचे सेवापुस्तक उर्दूत सुरू होऊन इंग्रजीतून मराठीत संपायचे. नाव एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरे. जन्मतारीख फसलीतून इसवीत आणताना वर्षभराने इकडेतिकडे. नोकरी करणाऱ्याला हे निस्तरता येई. तो गेल्यावर हे ओझे बाईच्या डोक्यावर यायचे, आणि तिला त्या तिन्ही भाषा वाचता येत नसत.

आता १९६४ कडे येऊ. स्वातंत्र्यानंतर १९५० साली केंद्र सरकारने कुटुंब पेन्शनीची पहिली तरतूद केली होती. पण तिला दीर्घ सेवेची अट होती आणि मुदतही ठरावीक वर्षांची. खरा बदल झाला तो १ जानेवारी १९६४ पासून लागू झालेल्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेने. या योजनेत बाईला तिच्या मरणापर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत पेन्शन, आणि ती नसेल तर ठरावीक वयापर्यंत मुलांना. महाराष्ट्राच्या नियमांतही ही योजना आली. पुढे महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ झाले आणि त्यांतल्या नियम ११६ मध्ये तिला कायमची जागा मिळाली.

पहा, फरक केवढा आहे. ‘ता हयात’ हे शब्द तेच. पण आता हयात मोजायची ती तिची. दर नोव्हेंबरमध्ये आपण हयातीचा दाखला देतो ना, तो आत्याच्या त्या कागदावरचाच शब्द आहे. १९६२ साली त्या शब्दाने तिची पेन्शन बंद केली होती. आज त्याच शब्दाने हजारो बायकांची पेन्शन चालू राहते.

पण १९६४ ची योजना फुकट नव्हती. कर्मचाऱ्याने आपल्या उपदानातून दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम सोडायची, तर कुटुंबाला पेन्शन. ही अट केंद्राने २२ सप्टेंबर १९७७ पासून काढून टाकली. तरी एक मोठा वर्ग बाहेरच होता. १९६४ च्या आधी निवृत्त झालेल्यांच्या किंवा वारलेल्यांच्या विधवांना काही नव्हते. नोकरी तीच, वर्षे तीच, फक्त नवरा तारखेच्या अलीकडे गेला की पलीकडे, एवढ्यावर बाईचे उरलेले आयुष्य ठरत होते.

तारखेची ही भिंत न्यायालयात पडली. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. पेन्शन ही कृपा किंवा बक्षीस नाही, ती केलेल्या सेवेची पुढे ढकललेली भरपाई आहे आणि पेन्शनरांमध्ये केवळ तारखेवरून भेद करता येणार नाही, असा त्याचा आशय. देशभरचे पेन्शनर १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यामुळे. त्यानंतर १९८५ साली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या विधवांचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. १९६४ पूर्वीच्या कर्मचाऱ्यांच्या विधवांनाही कुटुंब पेन्शन मिळावी आणि तीही २२ सप्टेंबर १९७७ पासून, असा निकाल झाला. वीस-वीस वर्षे मुलाच्या, दिराच्या, भावाच्या दारात काढलेल्या बायका त्या निकालाने पेन्शनर झाल्या. आमची आत्या तोवर राहिली नव्हती. तिची ट्रंक राहिली होती.

यापुढचा प्रश्न आजीनेच विचारलेला : पैसे कोणाचे? त्याचेही उत्तर न्यायालयानेच दिले. रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याने बायकोशी वाद झाल्यामुळे मृत्युपत्र करून आपला सगळा पैसा भावाला लिहून दिला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कुटुंब पेन्शन ही त्या माणसाची मालमत्ताच नाही. ती त्याच्या हयातीत त्याला कधी मिळतच नाही, म्हणून ती मृत्युपत्राने कोणाला देताही येत नाही. ती नियमात सांगितलेल्या कुटुंबाची आहे. त्याआधी १९८९ साली असाही निकाल झाला होता की निवृत्तीनंतर लग्न केले असले तरी ती बायको कुटुंबच आहे.

हे ऐकायला सोपे वाटते. टेबलाच्या अलीकडे बसलेल्याला ते तसे नसते. एकाच माणसाच्या मरणाचा दाखला घेऊन दोन बायका समोर आलेल्या मी पाहिल्या आहेत. एक गावाकडची, एक नोकरीच्या ठिकाणची. दोघींच्या गळ्यात त्याच माणसाच्या नावाचे मंगळसूत्र होते, आता दोघींनीही ते काढलेले. नियम ११६ मध्ये ‘एकापेक्षा अधिक विधवा’ असे शब्द आहेत, त्यामुळे कित्येक वर्षे गोंधळ झाला. हिंदू विवाह कायद्यानुसार पहिली बायको असताना केलेले दुसरे लग्न लग्नच नव्हे. म्हणून त्या बाईला पेन्शन नाही, मुलांना मात्र ठरावीक वयापर्यंत हिस्सा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बिहारच्या एका प्रकरणात सांगितले. आपल्या राज्याच्या नियमापुरता हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ साली मिटवला : ज्या विधवेचे लग्न कायद्याने वैध, तिलाच पेन्शन. कायदा म्हणून हे बरोबरच आहे. पण त्या दिवशी जी बाई रिकाम्या हाताने जिना उतरून गेली, तिनेही त्या माणसासाठी वीस वर्षे भाकऱ्या थापल्या होत्या. तिला या लग्नाची खरी बाजू कोणी सांगितली होती की नाही, हे विचारायला आमच्याकडे रकाना नव्हता.

पुनर्विवाहाचेही असेच. दुसरे लग्न केले की पेन्शन बंद, हा नियम वर्षानुवर्षे होता. पंचविशीत नवरा गमावलेल्या मुलीपुढे सरकारनेच अट ठेवल्यासारखे ते होते : पेन्शन हवी तर एकटी राहा. २००८ साली केंद्राने, मूल नसलेल्या विधवेचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर पुनर्विवाहानंतरही पेन्शन चालू ठेवली. महाराष्ट्रानेही २०१५ साली पुनर्विवाह करणाऱ्या विधवांची पेन्शन चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. महर्षी कर्व्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला तो १८९३ साली. पेन्शनीच्या नियमाला तिथे पोचायला एवढी वर्षे लागली.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्या उमरगा-लोहारा भागावरही तो कोसळला. सास्तूरसारखी गावे आडवी झाली. त्यानंतरच्या महिन्यांत कुटुंब पेन्शनीचे जे कागद मी पाहिले, त्यांत अर्जदाराच्या वयाच्या जागी बारा, नऊ असे आकडे होते. आई नाही, वडील नाहीत. पालक म्हणून काका किंवा आजोबा. सेवापुस्तक कचेरीत असल्यामुळे वाचलेले, पण घरातले एकूणएक कागद दगडामातीखाली गेलेले. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. नोकरीत असताना कर्मचाऱ्याने कुटुंबाचा तपशील सेवापुस्तकात नीट भरलेला असेल, तर घर पडले तरी हक्क पडत नाही.

आता ज्यांना हे काहीच लागू नाही, त्यांच्याकडे वळू. आपल्या जिल्ह्यात सरकारी नोकर किती आणि बाकीचे किती? साखर कारखान्यांचे कामगार, एसटीचे चालक-वाहक भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनीत येतात. १९७१ साली त्यांच्यासाठी कुटुंब पेन्शन योजना आली, १६ नोव्हेंबर १९९५ पासून तिची जागा आजच्या योजनेने घेतली. विधवेला पेन्शन त्यातही आहे. रक्कम मात्र इतकी तुटपुंजी की सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन महिना १,००० रुपये केली, तेव्हा तीच मोठी वाढ वाटली. ज्यांचा नवरा कोरडवाहू शेतकरी होता, त्या बाईला संजय गांधी निराधार योजनेचा आधार. तेही अनुदान २०२३ साली महिना १,५०० रुपये झाले. नापिकी आणि कर्जापायी नवरा गमावलेल्या बायका आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. बालपरवेशीपासून निघालेला हा रस्ता त्यांच्या दारापर्यंत अजून नीट पोचलेला नाही.

आणि सरकारी नोकरीतही मध्येच एक दरी पडली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना महाराष्ट्राने जुन्या पेन्शनीतून वगळून अंशदायी योजना दिली. निवृत्ती दूर होती, म्हणून सुरुवातीला त्याचा चटका जाणवला नाही. तरुण कर्मचारी नोकरीत असताना गेले तेव्हा तो जाणवला. खात्यात साठलेली थोडी रक्कम, पुढे काही नाही. १९६२ सालची माझी आत्या आणि या मुली यांत फार अंतर उरले नव्हते. २०१८ साली, दहा वर्षांच्या आत सेवा असताना मृत्यू झाल्यास दहा लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान देण्याचे ठरले. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनीसाठी राज्यभर संप झाला आणि ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने, सेवेत असताना मृत्यू आलेल्या या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांनाही कुटुंब पेन्शनीचा पर्याय मिळाला. संपात घोषणा देणारे बहुतेक स्वतःच्या म्हातारपणासाठी आले होते. त्यातून आधी पदरात पडले ते मागे राहणाऱ्यांचे. मला ते योग्यच वाटले.

इतक्या वर्षांच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. सेवापुस्तकात बायकोचे नाव आधार कार्डावर, बँकेत आहे तसेच आहे ना, हे नोकरीत असतानाच पाहा. माहेरचे एक आणि सासरचे एक असे असेल तर त्याची नोंद करून घ्या. तिची जन्मतारीख लिहा. नवऱ्याने पेन्शन विकली होती, म्हणजे अंशराशीकरण केले होते, म्हणून बाईची पेन्शन कमी होत नाही. ती शेवटच्या पगारावर ठरते, आरंभीची काही वर्षे वाढीव दराने आणि नंतर साधारण ३० टक्क्यांनी. पेन्शन मंजुरीच्या आदेशाची एक प्रत बायकोच्या हातात द्या आणि त्यात काय लिहिले आहे ते तिला वाचून दाखवा. ट्रंकेत नुसता ठेवलेला कागद काय कामाचा, हे मी घरात पाहिले आहे.

आता त्या आजीचा प्रश्न. “हे पैसं त्यांचं हायत का माजं?” मी तेव्हा सवयीने म्हणालो होतो, “त्यांचेच की आजी. त्यांनी नोकरी केली म्हणून मिळतात.” तिने मान हलवली, पासबुक पदराखाली धरले आणि गेली. पुढे कळले की मुलगा दर महिन्याला ‘बापाचे पैसे’ म्हणून ते काढून घेत असे, आणि आजीही ते बापाचेच समजून देत असे. १९९१ चा निकाल तेव्हा होऊन गेला होता. माझ्या कपाटात नियमांचे पुस्तकही होते. मी चुकीचे उत्तर दिले.

आज कोणी विचारले तर मी उठून उभा राहीन आणि सांगेन : आजी, ते गेले तेव्हा त्यांची पेन्शन संपली. ही तुमची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)